नक्कल मोटारीची पारख

१९६२ साली अमेरिकेतील मोटारविषयक मासिके एकामागून एक एका नव्या गाडीची वर्णने छापू लागली. गाडी लहान, उघडी, दोनच माणसांची. पण तिचा वेग असा की परीक्षण करणाऱ्यांना शब्द अपुरे पडावेत. एका मासिकाकडे ती एका रंगात आली, दुसऱ्याकडे दुसऱ्या रंगात, तिसऱ्याकडे तिसऱ्या. वाचकांची साहजिकच समजूत झाली की कॅलिफोर्नियातल्या त्या नव्या कारखान्यातून या गाड्या भराभर बाहेर पडत आहेत. वस्तुस्थिती वेगळी होती. गाडी एकच होती. एका परीक्षणाहून ती परत आली की तिला नवा रंग फासला जाई आणि ती पुढच्या मासिकाच्या दारी उभी केली जाई. या गाडीचे नाव कोब्रा, आणि हा खटाटोप करणाऱ्या गृहस्थांचे नाव कॅरोल शेल्बी.

काळाचा विनोद असा, की त्या वेळी एका गाडीने अनेक असल्याचे सोंग घेतले होते. आज हजारो गाड्या त्या एका गाडीच्या कुळातल्या असल्याचे सोंग घेऊन जगभर फिरत आहेत. अस्सल कोब्रा त्या काळात तयार झाल्या त्या सगळ्या मिळून हजाराच्या आसपास. तिच्या प्रतिकृती मात्र अमेरिका, ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, पोलंड अशा ठिकठिकाणी घडल्या आणि अजूनही घडत आहेत. काही नामांकित कारखान्यांत, तर काही घरामागच्या गॅरेजमध्ये, रविवारच्या सुटीत. मग कधी घरातील कर्ता माणूस निवर्ततो आणि वारसांपुढे ताडपत्रीखाली झाकलेली एक गाडी उभी राहते. ‘ही कोब्रा आहे’, एवढेच त्यांना ठाऊक असते. ती दहा लाख डॉलरची आहे, की चाळीस हजारांची? अस्सल म्हणून विकली आणि नकली निघाली तर कोर्टाची पायरी चढावी लागेल; नकली म्हणून फुंकून टाकली आणि आतले इंजिन अस्सल निघाले तर पहिलाच दलाल हसत हसत गाडी घेऊन जाईल. पारखी माणसाची गरज भासते ती अशा वेळी. आणि त्याला गाडीच्या लोखंडाइतकाच तिचा इतिहासही वाचावा लागतो.

शेल्बी मूळचे टेक्सासचे. कोंबड्या पाळण्याचा धंदा त्यांनी करून पाहिला होता. पुढे शर्यतीच्या मोटारी चालवण्यात त्यांनी नाव कमावले, आणि १९५९ साली फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत रॉय साल्वाडोरी यांच्या जोडीने अॅस्टन मार्टिन गाडीतून जिंकली. हृदयविकाराने त्यांना पुढच्याच वर्षी शर्यती सोडाव्या लागल्या. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये टेम्सच्या काठी थेम्स डिटन येथे असलेली एसी ही छोटी कंपनी अडचणीत सापडली होती. तिच्या ‘एस’ नावाच्या सुबक गाडीला ब्रिस्टल कंपनीचे इंजिन बसवले जाई, आणि ब्रिस्टलने ते बनवणे बंद केले होते. एकाकडे गाडी होती पण इंजिन नव्हते. अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीकडे आठ सिलिंडरचे हलके नवे इंजिन होते, पण त्याला शोभेल अशी शर्यतीची गाडी नव्हती. शेल्बींच्या हाती यांपैकी काहीच नव्हते. त्यांनी फक्त या दोघांची गाठ घालून दिली. १९६२ च्या फेब्रुवारीत पहिली चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, अॅल्युमिनियमच्या बॉडीसह लॉस एंजेलिसजवळ पोचली आणि काही तासांत तिच्यात फोर्डचे इंजिन बसले. तीच ती अनेक रंगांची गाडी. तिचा चासी नंबर सीएसएक्स २०००. शेल्बींनी ती अखेरपर्यंत विकली नाही. २०१२ साली त्यांचे निधन झाले आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील लिलावात तिला १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर मिळाले.

पुढच्या इतिहासातील एक प्रसंग पारख्याने विसरता कामा नये. सुरुवातीच्या कोब्राची चासी तीन इंच व्यासाच्या दोन नळ्यांची, आणि चाकांवरचा भार आडव्या पाट्यांवर. १९६५ साली सात लिटरचे अवाढव्य इंजिन बसवायचे ठरले तेव्हा नळ्या चार इंची झाल्या, पाटे जाऊन गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या आणि चाकांवरचे पत्रे फुगीर झाले. या गाडीला ४२७ म्हणतात; हा आकडा इंजिनाच्या घनइंचांचा. (मोजू गेल्यास ते ४२५ च्या जवळपास भरते; पण जाहिरातीतल्या आकड्यांना मोजपट्टी लावण्याची रीत त्या काळीही नव्हती.) ही गाडी शर्यतीत उतरवायची तर आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे शंभर गाड्या तयार हव्या होत्या. तपासनीस आले तेव्हा पन्नासच्या आसपासच तयार होत्या. मान्यता नाकारली गेली. शर्यतीसाठी बांधलेल्या आणि आता अंगावर पडलेल्या गाड्यांना काचा व आवश्यक ते सामान लावून रस्त्यावर चालवण्याच्या गाड्या म्हणून विकण्यात आले. या ‘अर्ध-शर्यती’ गाड्या जेमतेम तीस. बॉनेटवर हवेचे तोंड, दोन्ही कुशींना उघड्या धुराच्या नळ्या, चालकाच्या पाठीशी लोखंडी कमान, असे तिचे रूप.

आज रस्त्यावर जी प्रतिकृती दिसते ती बहुधा याच तीस गाड्यांची असते. विक्रीच्या दृष्टीने फसलेली, अडगळीसारखी पडून राहिलेली ही आवृत्तीच लोकांच्या मनात कोब्रा म्हणून ठसली. पारख्याला याचा अर्थ सरळ आहे. अशा रूपाची गाडी समोर आली की ती अस्सल असण्याचा संभव मुळातच अत्यल्प. म्हणून पुराव्याचा भार विकणाऱ्यावर.

हा पुरावा पत्र्यात नसतो, नंबरात असतो. शेल्बी गाड्यांच्या मालकांच्या अमेरिकेतील मंडळाने प्रत्येक चासी नंबराची कुळकथा नोंदवून ठेवली आहे. गाडी कोणत्या तारखेला इंग्लंडहून निघाली, कोणी विकत घेतली, केव्हा ठोकली गेली, केव्हा रंग बदलला, हे सारे त्यात येते. एखाद्या घराण्याच्या वंशावळीत उपटसुंभ वारस घुसू पाहतात, तसे येथेही होते. अपघातात चुरडलेल्या गाडीची मोडकी चासी एकाने घेतली आणि तिच्यावर नवी बॉडी चढवली. बॉडी, दरवाजे आणि नंबराची पट्टी दुसऱ्याने घेतली आणि त्यांखाली नवी चासी घातली. दोन्ही गाड्या एकच नंबर सांगत उभ्या. अशा वेळी जाणकारांचा कौल सामान्यतः चासीच्या बाजूने पडतो, कारण कायद्याच्या लेखी गाडी म्हणजे चासी. पण कौल लागेपर्यंत दोन्ही गाड्यांचे मोल टांगलेले राहते. संशयित गाडीला नकली गाडीइतकेही गिऱ्हाईक मिळत नाही, असा या बाजारातला अनुभव आहे.

नंबराची बाब किती नाजूक आहे हे खुद्द शेल्बींच्या बाबतीत दिसून आले. १९६५ साली उरलेल्या सांगाड्यांवर आपण या गाड्या पुऱ्या करीत आहोत, असे सांगून त्यांनी काही ४२७ गाड्या बाजारात आणल्या. जुन्या न वापरलेल्या नंबरांची कागदपत्रेही त्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाहन-नोंदणी खात्याकडून मिळवली होती. १९९३ साली लॉस एंजेलिसच्या वृत्तपत्राने बातमी दिली की सांगाडे नुकतेच घडवलेले आहेत. मोठे वादळ उठले. त्यानंतर त्यांच्या कंपनीने सीएसएक्स ४००० पासून पुढचे नंबर देऊन उघडपणे नव्या कोब्रा बनवायला घेतल्या. त्यांना इंग्रजीत ‘कंटिन्युएशन’ म्हणतात. मराठीत पुनरावृत्ती म्हणावे. घराणे तेच, परवानगी खरी, पण जन्म नंतरचा. ब्रिटनमध्ये ब्रुकलंड्स येथे १९८० च्या दशकात एसी कंपनीची जुनी साधने आणि परवाना मिळवून बांधलेल्या एसी मार्क ४ गाड्यांची जातही हीच. अशा गाडीचे मोल मूळ गाडीच्या मोलाच्या जवळपासही नसते, पण निनावी नकलेहून ते पुष्कळच वर असते.

गाडीचा जुना भाग एकेक करून बदलत गेला, तर ती तीच गाडी राहते का? भारतीय माणसाला हा प्रश्न अपरिचित नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या काष्ठमूर्ती ठरावीक वर्षांनी बदलल्या जातात. १९९६ साली आणि २०१५ साली नवकलेवर झाले. लाकूड नवे, पण आतला ब्रह्मपदार्थ जुन्या मूर्तीतून नव्या मूर्तीत नेला जातो, म्हणून देव तोच. मोटारीत ब्रह्मपदार्थ कोणता? १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला होता. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकलेली. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या शर्यतीत ती कठड्यावरून गेली, चालक क्लाइव्ह डनफी प्राणास मुकला, आणि पुढे गाडी नव्या रूपात बांधली गेली. हीच गाडी १ कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. मग घेणाऱ्याने अंग काढून घेतले. त्याचे म्हणणे असे, की ही ती गाडीच नव्हे. तज्ज्ञांनी तिचा भाग न् भाग तपासला. १९२९ च्या गाडीतले जवळजवळ काहीच उरले नव्हते. तरीही न्यायमूर्ती ओटन यांनी निर्णय विक्रेत्याच्या बाजूने दिला. त्यांच्या मते गाडी ‘मूळची’ नव्हे, परंतु ‘अस्सल’ आहे. कारण ती कधीही नाहीशी झाली नाही, कुठल्याही क्षणी तिच्या ओळखीचा धागा तुटला नाही. शर्यतीच्या धकाधकीत तिचे अवयव बदलत गेले इतकेच. म्हणजे ब्रह्मपदार्थ अखंड इतिहास हा. नकलेच्या अंगी इतर सारे येऊ शकते. हा येऊ शकत नाही.

एवढे स्पष्ट झाल्यावर खरे कठीण काम उरते. गाडी नक्कल आहे हे सर्वांना मान्य; मग तिची किंमत किती?

पहिला भ्रम असतो खर्चाचा. मालक सांगतो, ‘इंजिनाला एवढे, रंगाला एवढे, आणि माझे तीन हजार तास.’ सोन्याची पाटली मोडीत घालताना सराफ वजन आणि कस पाहतो. घडणावळ घेणाऱ्याच्या हिशेबात येत नाही. नकली गाडीचेही तसेच. सुट्या भागांचा संच आणून घरी जोडलेली गाडी विकताना मालकाच्या श्रमांचे मोल बहुधा शून्य, कधी तर ते उणे धरले जाते. कारण घेणाऱ्याला त्या हातांची ओळख नसते. सर्वच मालक वेल्डिंगमध्ये पारंगत नसतात. म्हणून गाडी कोणत्या कारखान्याच्या संचातली आणि ती कोणी जोडली, हे दोन प्रश्न पारखी सर्वांआधी विचारतो. मॅसॅच्युसेट्समधील फॅक्टरी फाइव्ह, कनेक्टिकटमधील ईआरए, दक्षिण आफ्रिकेत बांधली जाणारी सुपरफॉर्मन्स या नावांमागे मोठा अनुभव आणि मिळू शकणारे सुटे भाग आहेत. युटामधल्या कर्कहॅम कंपनीने तर १९९० च्या दशकात पोलंडमधील मीलेत्स या गावी, जेथे एके काळी मिग विमाने बांधली जात, तेथल्या कारागिरांकडून अॅल्युमिनियमच्या बॉड्या बनवून घेतल्या. विमानाचा पत्रा ठोकणाऱ्या हातांना मोटारीची वळणे जड गेली नाहीत. त्या गाड्या मूळ गाडीच्या इतक्या जवळ जातात की जुन्या अपघातग्रस्त कोब्राची डागडुजी करणाऱ्यांनाही त्यांचे भाग उपयोगी पडतात. त्यांचे मोल सामान्य फायबरच्या गाडीच्या कितीतरी पट असते.

याच्या उलट, ‘या गाडीच्या जगात फक्त सात प्रती आहेत’ हे वाक्य ऐकताच पारख्याने सावध व्हावे. प्रतिकृती बनवणारे कितीतरी कारखाने पाचदहा गाड्या बांधून बंद पडले. गाडी दुर्मिळ आहे ती कोणी घेतली नाही म्हणून. साचे मोडीत गेले, काच फुटली तर मिळत नाही, दरवाज्याची बिजागरी कोणत्या जुन्या मोटारीची लावली होती हे सांगणारा माणूस उरला नाही. अशी दुर्मिळता किंमत वाढवत नाही, उतरवते. दुर्मिळतेला मोल येते ते तिच्या पाठीमागे रांग उभी असेल तरच.

मग गाडीभोवती एक फेरी. बोटाच्या पेराने दरवाजा वाजवला की फायबर मंद, भरीव बोलते. अॅल्युमिनियमचा आवाज पातळ असतो. चुंबक दोहोंनाही चिकटत नाही, म्हणून चुंबक घेऊन फिरणाऱ्या नवशिक्याचा येथे हमखास घोटाळा होतो. दरवाजा उघडून कडा पाहाव्यात. पत्र्याची कड तारेवर वळवून घडी घातलेली असते, फायबरची कड जाड आणि गोलसर. फायबरच्या चकाकीखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या तर तेथे कधीतरी आतून धक्का बसला आहे, किंवा थर जाड बसला आहे. रंगाचा नवा हात त्या थोडे महिनेच झाकतो. गाडीखाली वाकून नळ्यांचा व्यास मोजावा. चार इंचाची गोल नळी असेल तर बांधणाऱ्याने मूळ गाडीचा अभ्यास केला. चौकोनी नळ्या असतील तर त्याने आपल्या सोयीचे पाहिले. दोहोंत वाईट काही नाही. चौकोनी नळ्यांची चासी कित्येकदा अधिक मजबूत असते. पण किंमत मजबुतीला नसून साम्याला आहे. या बाजाराचे तर्कशास्त्र इतके विचित्र आहे.

मोठी गंमत बॉनेटखाली. कित्येक नकली गाड्यांत फोर्डच्या मस्टँगमधले पाच लिटरचे सर्वसाधारण इंजिन असते. चांगले, स्वस्त, भाग कोठेही मिळणारे. परंतु काही मालकांनी १९६० च्या दशकातले खरे ४२७ इंजिन शोधून बसवलेले असते, ज्या जातीच्या इंजिनाने फोर्डला १९६६ ची ल मान्स शर्यत जिंकून दिली. हे इंजिन ओळखायचे कसे? त्याचा मधला दांडा धरणारी बेअरिंगे खालून तर बोल्टांनी आवळलेली असतातच, शिवाय बाजूनेही आवळलेली असतात. त्या आडव्या बोल्टांची डोकी ब्लॉकच्या बाहेरच्या अंगाला दिसतात. त्याच घराण्यातल्या ४२८ या स्वस्त इंजिनाला ती नसतात. वरून पाहता दोन्ही जुळी भावंडे. खुद्द शेल्बींच्या कारखान्यानेही बऱ्याच ४२७ गाड्यांत गुपचूप ४२८ घातले होते, ते अस्सल गाड्यांच्या मालकांना आजही सलते! तेव्हा फायबरच्या गाडीत आडव्या बोल्टांचे इंजिन सापडले, ओतीव आकडे व तारखा जुळल्या आणि ब्लॉकला तडा नसला, तर गाडीच्या एकूण किमतीचा मोठा हिस्सा त्या एका वस्तूत असतो. जुनी मॅग्नेशियमची हॅलिब्रँड चाके असली तर आणखी. वारसांनी गाडी विकण्याआधी हे एवढे तरी पाहून घ्यावे.

लोखंडानंतर कागद. गाडी कितीही देखणी असो, तिची नोंदणी खोटी असेल तर ती शोभेची वस्तू होऊन बसते. कोणी १९६५ ची गाडी म्हणून नोंद करवली असेल आणि प्रत्यक्षात ती १९९५ साली जोडली असेल, तर ते कागद घेणाऱ्याच्या गळ्यातली धोंड होतात. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे गुणांची पद्धत वापरली गेली. गाडीची जुनी ओळख टिकवायला निदान आठ गुण लागत. चासीचे पाच, चाकांच्या झुलत्या जोडणीचे दोन, आसांचे दोन, गिअर यंत्रणेचे दोन, स्टिअरिंगचे दोन, आणि इंजिनाचा अवघा एक! ज्या इंजिनाच्या गर्जनेवर रसिक भाळतात त्याला सरकारी तराजूत सर्वांत कमी वजन. ज्या गाडीचे वय वा ओळखच ठरत नसे तिच्या नंबराआधी ‘क्यू’ हे अक्षर लागे, आणि ते अक्षर किंमत खाली ओढी. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कायद्याने वर्षाला पहिल्या ५०० घरबांधणीच्या गाड्यांना धुराच्या तपासणीत सवलत दिली. २०१५ च्या संघीय कायद्याने छोट्या कारखान्यांना जुन्या गाड्यांच्या वर्षाला ३२५ पर्यंत तयार प्रतिकृती विकण्याची वाट मोकळी केली, पण नियम प्रत्यक्षात यायला पुढे काही वर्षे लागली. २०२१ साली भारत सरकारनेही पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगळी नोंदणी आणली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी, तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. नकलेला या दारातून प्रवेश नाही.

गाडीच्या रूपावर मूळ निर्मात्याचा हक्क असतो का, हा प्रश्नही किमतीला चिकटलेला आहे. उद्या कोर्टाने मनाई केली तर नव्या प्रती थांबतील आणि जुन्या प्रतींचे काय होईल ते सांगता येत नाही. कोब्राच्या बाबतीत या शतकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्समधील संघीय न्यायालयाने शेल्बींचा दावा मान्य केला नाही. इतकी वर्षे इतक्या जणांनी तो आकार बनवला, की तो आता एकाच कारखान्याची खूण उरलेला नाही, असा त्याचा आशय. इटलीत बोलोन्याच्या न्यायालयाने २०१९ साली फेरारी २५० जीटीओ गाडीला मात्र कलाकृती मानून तिच्या नकलेला बंदी केली. तीन डझनच बनलेली ती गाडी २०१८ च्या एका लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली होती.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध अगदीच नाही असे नाही. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ नावाची, मडगार्डे बाहेर काढलेली एक सडसडीत गाडी आणली. इंग्लंडमध्ये तयार गाडीवर विक्रीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. मात्र भागांसोबत जोडणीची माहिती देणे नियमात बसत नसे. म्हणून गाडी सुटी कशी करावी याची माहिती दिली जाई, आणि सूज्ञ गिऱ्हाईक ती शेवटाकडून वाची. १९७३ साली त्या गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले. पुढे जगभर तिच्या नकला झाल्या, आणि त्यांतली एक अलिबागजवळ कार्लेखिंडीत झाली. चिंकारा मोटर्सची रोडस्टर ही ती गाडी. बॉडी फायबरची आणि इंजिन इसुझूचे १.८ लिटरचे, म्हणजे हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसात बसे त्या जातीचे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर अशी गाडी क्वचितच दिसते. तिला मोल कसे लावावे? परदेशी सेव्हनशी तुलना करून काहीच हाती लागत नाही. येथे पाहायचे ते चासी गंजली आहे काय (कोकणच्या खाऱ्या हवेत हा प्रश्न पहिला), नोंदणी पुस्तकात निर्माता, वर्ष आणि इंजिन नंबर बरोबर आहेत काय, आणि काँटेसाचे सुटे भाग अजून कोणाकडे शिल्लक आहेत. त्यापुढचे मोल घेणाऱ्याच्या हौसेचे. पण ही नक्कल आपल्या गावाचे नाव लावून जन्मली, दुसऱ्याचा नंबर तिने चोरला नाही, हे तिच्या बाजूचे.

नकलेला स्वतःचा इतिहास लाभला तर काय होते, याचे उदाहरण हॉलिवुडने दिले. १९८६ च्या ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ या चित्रपटात एका मुलाच्या बापाची जिवापाड जपलेली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया अखेरीस काच फोडून दरीत कोसळते. खरी गाडी त्या कामाला कोण देणार? फोर्डच्या इंजिनावर फायबरची बॉडी चढवलेल्या प्रतिकृती त्यासाठी वापरल्या गेल्या. त्यांतली एक २०२० साली अॅरिझोनातील स्कॉट्सडेलच्या लिलावात ३ लाख ९६ हजार डॉलरला विकली गेली. अस्सल कॅलिफोर्नियाच्या मानाने ही रक्कम किरकोळच. अभिनेते आलँ दलाँ यांची एके काळची तशी गाडी फ्रान्समधल्या एका शेतघरात वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांखाली सापडली, आणि २०१५ साली पॅरिसमध्ये १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. तरी सामान्य फायबरच्या नकलेला जे कधीच मिळाले नसते ते त्या चित्रपटातल्या नकलेला मिळाले. लोकांनी पैसे मोजले ते फेरारीच्या साम्याला नव्हेत. ती जे आहे, जिथे होती, त्याला.

मूळ कारखान्यानेच पुन्हा गाडी बांधली तर गुंता आणखी वाढतो. १९५७ च्या फेब्रुवारीत जॅग्वारच्या कॉव्हेन्ट्रीतील कारखान्याला आग लागली आणि पंचवीसांपैकी नऊ एक्सकेएसएस गाड्या पुऱ्या होण्याआधीच जळाल्या. जॅग्वारने त्या नऊ गाड्या पुन्हा बांधण्याचे २०१६ साली जाहीर केले. प्रत्येकीची किंमत दहा लाख पौंडांहून अधिक. सगळ्यांना गिऱ्हाईक मिळाले. त्या नक्कल आहेत की साठ वर्षे उशिरा जन्मलेल्या अस्सल गाड्या, यावर जाणकारांत अजून एकमत नाही. लिलावाचे बाजार मात्र आपले उत्तर आकड्यांतून देतात. १९५६ ची ल मान्स जिंकलेली जॅग्वार डी-टाइप, जिच्या कुळात एक्सकेएसएस मोडते, त्याच २०१६ च्या ऑगस्टमध्ये २ कोटी १७ लाख ८० हजार डॉलरला गेली.

ताडपत्रीखालच्या त्या गाडीकडे परत यायचे, तर तिचे मूल्यपत्र लिहिताना पारखी दोन आकडे मांडतो. तशीच गाडी आज नव्याने बांधायला काय खर्च येईल हा एक, आणि उद्या विकायला काढली तर काय येईल हा दुसरा. पहिला विम्यासाठी. गाडी जळाली तर मालकाला तशीच दुसरी मिळायला हवी, म्हणून विमा कंपनीशी ती रक्कम आधीच ठरवून घ्यावी लागते. दुसरा आकडा वाटणीसाठी आणि विक्रीसाठी. तो जवळजवळ नेहमीच लहान असतो, आणि वारसांना तोच पटवणे अवघड जाते. त्याखाली तो निर्मात्याचे नाव, जोडणीचे वर्ष, इंजिनाच्या ब्लॉकवरचे ओतीव आकडे आणि चासीवर ठोकलेला नंबर उतरवून घेतो. आणि तो नंबर सीएसएक्सने सुरू होत असला, तर आकडा भरण्याची जागा तूर्त कोरी सोडून मंडळाच्या नोंदवहीकडे चौकशीचे पत्र पाठवतो.